धावत्या मोटारीचे छायाचित्र : हौशी शर्यतींसाठी एक अभ्यासपाठ

मोटारींच्या शर्यती म्हटल्या की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे परदेशातील विस्तीर्ण मार्ग, लाखो प्रेक्षक आणि कोट्यवधी रुपयांच्या गाड्या उभ्या राहतात. हा खेळ श्रीमंतांचा, आपला त्याच्याशी संबंध काय, असेही कित्येकांना वाटते. परंतु हा समज आता जुना झाला आहे. इंदूरजवळ पीथमपूर येथे २००७ साली 'बाहा' ही स्पर्धा सुरू झाली व पुढे अनेक वर्षे ती तेथेच भरली. तीत उतरणाऱ्या गाड्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेल्या आणि स्वतःच्या हातांनी सांधलेल्या असतात, आणि शेवटच्या दिवशी त्या खाचखळग्यांच्या मार्गावर चार तास धावतात. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' ही विद्यार्थ्यांचीच स्पर्धा होते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा मार्ग १९९० पासून आहे. तेथे नोकरीधंदा सांभाळून, सुट्टीच्या दिवशी गाडी पळवणारी हौशी मंडळी येतात.

अभियांत्रिकी शिकणारी मुलेमुली आज आपल्यापैकी पुष्कळ घरांत आहेत. त्यांतील एखादा मुलगा किंवा मुलगी अशा संघात असली, तर आईवडील, मामा, आत्या ही सारी मंडळी मार्गाच्या कडेला हातात फोन किंवा कॅमेरा घेऊन उभी राहणारच. वर्षभर रात्रीचा दिवस करून बांधलेली गाडी समोरून जाते, सगळे भराभर छायाचित्रे काढतात, आणि घरी येऊन पाहतात तो काय? गाडी अंगणात उभी करून ठेवल्यासारखी दिसते! नाहीतर नुसता धूसर पट्टा दिसतो, आणि ही कोणाची गाडी, असा प्रश्न पडतो.

हे दोन्ही दोष टाळता येतात, आणि त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. त्यासाठी काय लागते, ते या पाठात क्रमाने सांगावयाचे आहे. हे शिकण्याचे एक विशेष कारणही आहे. मोठ्या शर्यतींना वृत्तपत्रांचे छायाचित्रकार असतात, पण हौशी शर्यतीत ते क्वचितच येतात, आणि आले तरी पहिल्या तीन क्रमांकांची चित्रे घेऊन जातात. अकराव्या आलेल्या, किंवा अर्ध्या वाटेत बंद पडलेल्या गाडीचे चित्र घरचे किंवा ओळखीचे कोणी काढील तरच निघते. ते न निघाले, तर त्या मुलांच्या वर्षभराच्या श्रमांची खूण फक्त निकालाच्या तक्त्यातील एका ओळीपुरती उरते.

मोटार उभी का दिसते?

कॅमेऱ्याचे शटर जितका वेळ उघडे राहते, तितक्या वेळात जे घडते ते सारे चित्रात उतरते. आता थोडा हिशेब करू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. शटर एका सेकंदाचा हजारावा भाग, म्हणजे १/१००० सेकंद उघडले, तर तेवढ्यात मोटार २.८ सेंटिमीटर पुढे सरकते. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर धरला, तर चाक या वेळात जेमतेम पाच अंश फिरते. एवढे फिरणे डोळ्याला जाणवत नाही. चाकाचे आरे स्पष्ट, टायरवरची अक्षरे स्पष्ट, मागचे झाड स्पष्ट! मग मोटार पळते आहे हे पाहणाऱ्याने ओळखावे कशावरून?

फोनच्या बाबतीत ही अडचण अधिकच. फोनच्या लेन्सचे छिद्र बहुधा मोठे आणि कायमचे ठरलेले असते. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात प्रकाश फार झाला की फोन आपण होऊन शटरचा वेळ कमी करतो, आणि तो १/२००० किंवा त्याहूनही कमी होतो. चित्र स्वच्छ येते, पण गती नाहीशी होते. फोनचा यात काही दोष नाही, चित्र हलू नये म्हणूनच त्याची तशी रचना केलेली आहे. आपल्याला मात्र चित्रातले काही हललेले हवे आहे आणि काही स्थिर हवे आहे. नेमके काय हलावे आणि काय स्थिर राहावे, हे ठरवणे हेच या कलेचे मर्म होय.

उत्तर सोपे आहे. मोटारीचे अंग आणि चालकाचे शिरस्त्राण स्थिर दिसावे, आणि चाके व मागचा देखावा हललेला दिसावा. हे साधण्याचा मार्ग एकच : शटर अधिक वेळ उघडे ठेवावयाचे, आणि तेवढा वेळ कॅमेरा मोटारीबरोबर फिरवीत राहावयाचे. यालाच छायाचित्रकार 'पॅनिंग' म्हणतात.

शंभर वर्षांपूर्वीचे एक चित्र

या क्रियेचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. फ्रान्समध्ये फ्रेंच ग्राँ प्री ही शर्यत चालू होती. जाक आंरी लार्तीग नावाचा एक हौशी तरुण कॅमेरा घेऊन कडेला उभा होता. त्याने एका मोटारीबरोबर कॅमेरा फिरवीत चित्र घेतले. त्या चित्रात मोटार चौकटीत पुरती मावलेली नाही. तिचे चाक वर्तुळाकार न दिसता पुढे कललेल्या अंड्यासारखे दिसते, आणि मागे उभे असलेले प्रेक्षक व खांब उलट दिशेला झुकलेले दिसतात. चोख चित्राच्या रूढ कसोटीवर हे चित्र उतरत नाही. तरीही १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात लार्तीगच्या छायाचित्रांचे प्रदर्शन झाले, आणि आज हे चित्र वेगाच्या चित्रांचा नमुना म्हणून जगभर ओळखले जाते.

चाक कलले ते का? त्या कॅमेऱ्याच्या पडद्याला एक फट होती, आणि ती चित्रावरून सरकत जाई. चाकाचा खालचा भाग आधी टिपला गेला, वरचा भाग क्षणभराने टिपला गेला. तेवढ्यात मोटार पुढे गेली होती, म्हणून चाकाचा माथा पुढे आला. प्रेक्षक जागेवरच उभे होते, पण कॅमेरा पुढे फिरत होता, म्हणून त्यांचे माथे मागे पडले. कॅमेरा मोटारीच्या वेगाने फिरला असता, तर चाक सरळ आले असते. लार्तीगचा हात मोटारीपेक्षा किंचित मागे राहिला, हे त्या चित्रावरूनच वाचता येते.

हा जुना दाखला देण्याचे कारण असे की, आजच्या फोनमध्येही चित्र एकदम न टिपता ओळीमागून ओळ असे टिपले जाते. त्यामुळे फोन भरभर फिरवला की कडेचे खांब तिरपे दिसतात. कोणी विचारले, "फोन बिघडला की काय?", तर त्याला ही लार्तीगच्या चित्राची हकिकत सांगावी.

कॅमेरा कसा फिरवावा

पॅनिंग ही हाताची क्रिया वाटते, पण खरे काम पाय आणि कंबर करतात. तिचे टप्पे असे :

१. मोटार ज्या जागी असताना चित्र घ्यावयाचे, ती जागा आधी ठरवा. दोन्ही पावले त्या जागेकडे रोखून, थोडी फाकवून उभे राहा.

२. पावले न हलवता कमरेतून वळून, मोटार जिकडून येणार तिकडे तोंड करा. आता शरीराला पीळ बसला आहे. मोटारीबरोबर वळताना हा पीळ सुटत जाईल, आणि ठरलेल्या जागी शरीर सर्वांत स्वस्थ असेल. याच्या उलट केले, म्हणजे आरंभी स्वस्थ उभे राहून शेवटी पिळले, तर नेमक्या क्षणी हात अडखळतो.

३. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवा. फोन असल्यास तो दोन हातांनी, आडवा धरा.

४. मोटार दूर असतानाच तिला चौकटीत घ्या, आणि तिच्यावरील एखादी खूण, उदाहरणार्थ दारावरचा क्रमांक किंवा शिरस्त्राण, चौकटीच्या एकाच बिंदूवर धरून ठेवा. कॅमेऱ्याला सतत फोकस साधण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. नसेल, तर मार्गावरील ठरलेल्या जागेवर आधीच फोकस करून ठेवा. फिल्मच्या काळातील छायाचित्रकारांची ही पद्धत आजही तितकीच खात्रीची आहे.

५. ठरलेल्या जागी बटण हळू दाबा. दचकून दाबले की कॅमेरा खाली झुकतो.

६. बटण दाबल्यावर थांबू नका, मोटारीबरोबर फिरतच राहा. क्रिकेटमध्ये चांगला फलंदाज चेंडू लागल्यावर बॅट तेथेच रोखीत नाही, फटका पुरा करतो, तसेच हे आहे. नवशिक्यांची निम्मी चित्रे बिघडतात ती या शेवटच्या टप्प्यात.

एक गोष्ट आणखी. मार्गाच्या जितके जवळ उभे राहाल, तितके भरभर वळावे लागते. ताशी १०० किलोमीटरची मोटार १५ मीटर अंतरावरून समोरून जात असता सेकंदाला सुमारे १०६ अंश वळावे लागते, आणि ३० मीटरवरून त्याच्या निम्मे. शिवाय जवळून पाहिले असता मोटारीचे नाक आणि शेपूट आपल्या दृष्टीने सारख्या वेगाने सरकत नाहीत, म्हणून नाक स्पष्ट आणि शेपूट पुसट असे चित्र येते. दूर राहून लांब पल्ल्याची लेन्स वापरली तर सारी मोटार स्पष्ट येते. सारांश, दूर उभे राहणे हे सुरक्षिततेला जसे बरे, तसेच चित्रालाही बरे.

शटर किती ठेवावे : 'जितका वेग तितका भाजक'

शटरच्या वेळेसाठी एक सोपा नियम सांगतो. मोटारीचा वेग ताशी जितके किलोमीटर असेल, तो आकडा भाजकात घालावा. ताशी १०० किलोमीटरला १/१०० सेकंद, ताशी ६० ला १/६०, ताशी ४० ला १/४०. कॅमेऱ्यावर नेमका तो आकडा नसला, तर जवळचा घ्यावा.

हा नियम का चालतो, तेही पाहू. या हिशेबाने शटर उघडे असताना मोटार दर वेळी सुमारे २८ सेंटिमीटर पुढे जाते, मग तिचा वेग काहीही असो. ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक तेवढ्यात फेरीचा सुमारे सातवा हिस्सा फिरते. म्हणजे आरे पुसले जातात, चाक फिरते आहे असे दिसते, पण चाकाचा गोल शाबूत राहतो. मागची झाडे आणि कठडेही आडव्या रेघांत विरघळतात.

येथेच विद्यार्थ्यांच्या शर्यतींची गोम आहे. बाहाच्या गाड्या वेगासाठी बांधलेल्या नसतात, खडक, चिखल आणि उतार सोसण्यासाठी बांधलेल्या असतात. वळणावर त्यांचा वेग ताशी ३० किंवा ४० किलोमीटरच असतो. कोणी पुस्तकात वाचून तेथे १/२५० ठेवील, तर गाडी उभीच दिसेल. गाडी जितकी सावकाश, तितके शटरही सावकाश हवे. मग ताशी ४० किलोमीटरची गाडीसुद्धा चित्रात जोमाने पळताना दिसते. यात कोणतीही फसवणूक नाही. जो चालक आदळत, उसळत त्या वळणावरून गेला, त्याला तो वेग तसाच जाणवला होता.

नवशिक्याने मात्र एकदम या आकड्यावर येऊ नये. ताशी १०० च्या मोटारीला प्रथम १/२५० वर दहावीस चित्रे घ्यावीत. ती स्पष्ट येऊ लागली की १/१२५ वर यावे, आणि हात बसला की १/६० वर. प्रत्येक पायरीला बिघडलेल्या चित्रांची संख्या वाढेल. ती वाढणारच. १/६० वर वीस चित्रांत एक साधले तरी पुष्कळ झाले, असे समजावे.

जी मोटार सरळ आपल्या दिशेने येते आहे, तिला हा नियम लागू नाही. तेथे कॅमेरा फिरवण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा १/५०० किंवा १/१००० ठेवून, वळणात झुकलेली गाडी, उडालेली माती, किंवा जमिनीवरून उचललेले एखादे चाक यांवरून गती दाखवावी. पीथमपूरसारख्या मातीच्या मार्गावर अशा चित्रांना तोटा नाही.

ऊन आणि छिद्र

आपल्याकडील शर्यती बहुधा भर उन्हात होतात, आणि तेथे सावकाश शटर ठेवणे अवघड जाते. जुन्या छायाचित्रकारांचा एक नियम आहे : स्वच्छ उन्हात छिद्राचा आकडा १६ ठेवावा, आणि फिल्मची किंवा संवेदकाची संवेदनक्षमता १०० असेल तर शटर १/१०० ठेवावे. यावरून हिशेब करा. शटर १/५० केले, तर प्रकाश दुप्पट होतो, म्हणून छिद्र २२ वर न्यावे लागते. पुष्कळ लेन्सचे छिद्र याहून लहान होत नाही, आणि फार लहान छिद्राने चित्राची धारही बोथट होते.

यावर उपाय राखाडी फिल्टरचा. लेन्सपुढे बसवावयाची ही काच रंग न बदलता प्रकाश कमी करते. प्रकाश एकचतुर्थांश करणारा फिल्टर लावला, तर १/५० सेकंदाला छिद्र ११ वर आणता येते, आणि एकअष्टमांश करणारा लावला तर ८ वर. फोनसाठीही चिमट्याने बसवावयाचे असे फिल्टर मिळतात, पण फोनचे छिद्र मोठे असल्याने तो अधिक गडद, प्रकाश चौसष्टाव्या हिश्शावर आणणारा घ्यावा लागतो. मग फोनच्या 'प्रो' नावाच्या मांडणीत जाऊन शटरचा वेळ आपण ठरवावयाचा.

फिल्टर नसेल, तर सर्वांत स्वस्त उपाय सकाळी लवकर जाण्याचा. सराव फेऱ्या बहुधा सकाळी असतात. तेव्हा ऊन कोवळे असते, तिरप्या प्रकाशात गाडीचा आकार खुलतो आणि उडालेली धूळ सोन्यासारखी चमकते. दुपारी बारा वाजता त्याच धुळीचा नुसता पांढरा पडदा होतो. फ्लॅशचा उपयोग मात्र कधीही करू नये. चालकाचे डोळे दिपण्याचा धोका कोणत्याही चित्रासाठी पत्करण्यासारखा नाही.

कोठे उभे राहावे

हा या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. वळणावर मोटारीचा ताबा सुटला, तर ती साधारणपणे वळणाच्या बाहेरच्या अंगाला फेकली जाते. म्हणून वळणाच्या बाहेरच्या बाजूला, विशेषतः जेथून मोटारी वेग वाढवीत बाहेर पडतात तेथे, कठड्याच्या आधाराशिवाय कधीही उभे राहू नये. नेमकी हीच जागा छायाचित्रकाराला खुणावते, कारण मोटार तेथे अंगावर आल्यासारखी दिसते. हा मोह टाळलाच पाहिजे.

इतिहास याबाबतीत कठोर आहे. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथे एक मोटार प्रेक्षकांवर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली. १२ मे १९५७ रोजी इटलीतील मिल्ले मिल्या या शर्यतीत मोटारीचा टायर फुटून चालक, त्याचा साथीदार आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नऊ जणांत पाच मुले होती. त्या माणसांनी कोणतेही अविचारी धाडस केले नव्हते, ती केवळ पाहावयास उभी होती. आजचे कठडे, जाळ्या आणि नियम अशा दुर्घटनांतून शिकून आलेले आहेत. म्हणून कोणी स्वयंसेवक आपल्याला मागे सरा म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत न घालता मागे सरावे.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी अशा. प्रेक्षकांसाठी राखलेली जागा सोडून पुढे जावयाचे असेल, तर आधी आयोजकांची परवानगी घ्यावी, आणि त्यांनी दिलेला अंगरखा घालावा. येणाऱ्या मोटारींकडे पाठ करून चित्रे पाहत बसू नये. पळ काढावा लागला तर कोठून, हे उभे राहण्यापूर्वी पाहून ठेवावे. मागे भिंत किंवा खड्डा असेल तर ती जागा सोडून द्यावी. लहान मुलाला बरोबर घेऊन चित्रे काढू नयेत, एका वेळी एकच काम होते. कानांत बोळे, डोक्यावर टोपी आणि बरोबर पाणी असावे.

निशाणांची भाषाही ठाऊक हवी. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा आणि कोणी कोणाला मागे टाकू नका. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळे म्हणजे मागून अधिक वेगाची मोटार येते आहे. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे निशाण म्हणजे शर्यत संपली. पिवळे दिसताच छायाचित्रकारानेही सावध व्हावे, कारण जवळपास कोठेतरी गाडी आडवी झालेली असते.

जाळीमागून चित्र घ्यावे लागले, तर निराश होऊ नये. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेन सागराकाठच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ई ही विजेवरील मोटारींची शर्यत झाली. ती व्यावसायिक शर्यत होती, आणि रस्त्यांवरील अशा शर्यतीत कठडे व जाळ्या सर्वत्र असतातच. प्रेक्षकांना जाळीपर्यंत जाऊ देत असतील, तर लेन्स जाळीच्या अगदी जवळ आणावी आणि मोटार बरीच दूर असताना टिपावी. जवळची तार इतकी धूसर होते की ती चित्रात जवळजवळ दिसत नाही, आणि कॅमेरा फिरता असला तर ती आणखीच विरून जाते.

कोणाची चित्रे घ्यावीत

हौशी शर्यतीला गेलेल्या छायाचित्रकाराने प्रवेशिकांची यादी मिळवावी, आणि प्रत्येक क्रमांकाचे निदान एक चित्र घेण्याचा संकल्प करावा. पुढच्या मोटारीमागे सारेच कॅमेरे वळतात, आपण शेवटचीकडेही वळावे. चार तासांच्या शर्यतीत एखादी गाडी दोन तास दुरुस्तीतच असते, आणि मग अखेरच्या काही फेऱ्यांसाठी पुन्हा मार्गावर येते. त्या संघाला त्या फेऱ्यांचे मोल पहिल्या क्रमांकाहून कमी नसते.

चित्रे केवळ मार्गावरच मिळतात असेही नाही. शर्यतीपूर्वी गाडीखाली आडवी झालेली मुलगी, पान्यासाठी पसरलेला हात, शिरस्त्राणाच्या फटीतून दिसणारे चालकाचे डोळे, उन्हात दिवसभर निशाण धरून उभा असलेला स्वयंसेवक, हीही शर्यतीचीच चित्रे आहेत. येथे पॅनिंगची जरूर नाही. जरूर आहे ती विचारून चित्र घेण्याच्या सौजन्याची, आणि कामात अडथळा न आणण्याची.

अपघात झाला, तर जागेवरून धावत जाऊ नये. मदतीचे काम ज्यांचे आहे, त्यांना वाट मोकळी ठेवावी. जखमी माणसाचे चित्र घेऊन ते लगोलग फोनवरून धाडणे हे तर कधीही करू नये. मुलगा पडला ही बातमी घरी आईला त्या चित्रातून कळावी, यासारखी क्रूर गोष्ट नाही.

निवड आणि वाटप

दिवसअखेर दोनतीनशे चित्रे जमतात. ती निवडताना चार प्रश्न विचारावेत. शिरस्त्राण किंवा क्रमांक स्पष्ट आहे काय? चाके फिरताना दिसतात काय? मागच्या रेघा आडव्या आणि सरळ आहेत काय? त्या वेड्यावाकड्या असल्या, तर हात वरखाली झाला असे समजावे. आणि शेवटी, मोटारीपुढे थोडी मोकळी जागा आहे काय? चौकटीच्या कडेला नाक टेकलेली मोटार भिंतीवर आदळल्यासारखी दिसते, पुढे जागा असली तर ती त्या जागेत धावते. या चाळणीतून पाचदहा चित्रे उतरली, तर दिवस सार्थकी लागला. मात्र एखाद्या गाडीचे एकच चित्र असेल आणि ते किंचित हललेले असेल, तर ते फेकू नये. लार्तीगचे चाक आठवावे.

प्रत्येक चित्राला तारीख, ठिकाण, स्पर्धा, गाडीचा क्रमांक आणि संघाचे नाव लिहून ठेवावे, आणि चित्रे दोन वेगळ्या जागी जपावीत. फोनमध्ये पडून राहिलेली, नाव नसलेली चित्रे दहा वर्षांनी कोणाच्याच उपयोगाची राहत नाहीत. मग ती त्या त्या संघाकडे, चालकाकडे पाठवावीत. शक्य झाले तर एकेक प्रत कागदावर छापून द्यावी.

घरचा अभ्यास

शर्यतीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. घराजवळच्या रस्त्यावर, पदपथावर सुरक्षित जागी उभे राहून पुढील अभ्यास करावा.

पहिला आठवडा : ताशी १५ किलोमीटरच्या सुमाराने जाणाऱ्या सायकली. शटर १/३०, मग १/१५. सायकलस्वाराचा चेहरा स्पष्ट आणि आरे पुसलेले यावेत.

दुसरा आठवडा : रिक्षा आणि स्कूटर. शटर १/६०, मग १/४०. प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर कॅमेरा मनात तीन आकडे मोजेपर्यंत फिरवीत राहावा.

तिसरा आठवडा : मोटारी आणि बसगाड्या. वेगाचा अंदाज करून 'जितका वेग तितका भाजक' हा नियम लावावा. रोज वीसच चित्रे घ्यावीत, आणि रात्री ती पाहून किती साधली ते वहीत लिहावे. तीन आठवड्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे प्रगती आपली आपल्याला दिसते.

चौथ्या आठवड्यात घरच्या मुलाला अंगणात किंवा मैदानात धावावयास सांगावे, आणि तो धावत असता त्याचे चित्र घ्यावे. हा धडा सर्वांत अवघड आहे, कारण धावणारे मूल वरखालीही होते आणि मध्येच हसून थांबते. पण ज्याला ते साधले, त्याला पीथमपूरची गाडी अवघड जाणार नाही.